एकाच मातीचे दोन निकाल: सी आणि फाय निवडण्याआधी अवस्था बघा

प्रश्न थोडक्यात असा. खाडीकाठच्या जागेवर एकाच बोअरहोलमधून दोन नमुने काढले, एक दीड मीटरवरून आणि एक सात मीटरवरून. दोन्ही एकाच जातीची चिकणमाती, लिक्विड लिमिट (माती वाहू लागते ते पाण्याचं प्रमाण) ७२ टक्के, प्लास्टिक लिमिट (ज्याखाली माती मळताना तुटते ते प्रमाण) ३८. ट्रायअ‍ॅक्सियलच्या ड्रेन्ड चाचणीत (चहूबाजूंनी दाब देऊन, पाणी निघू देत नमुना मोडतात) वरचा नमुना आधी जोर धरतो, मग त्याची ताकद घसरते आणि तो फुगतो. खालचा सावकाश ताकद घेत जातो, आकसत जातो आणि त्याला शिखर असं येतच नाही. लॅबने सगळ्या शिखरांमधून एक रेषा ओढून सी (चिकटपणा) १८ किलोपास्कल आणि फाय (घर्षणाचा कोन) २२ अंश असा रिपोर्ट दिला. जागेवर चार मीटरचा भराव टाकायचा आहे आणि शेजारी, वरच्या तीन मीटरच्या कडक थरातच, अडीच मीटर खोल नाला काढायचा आहे. कुठला आकडा घ्यायचा? आणि क्रिटिकल स्टेट थिअरी फक्त परीक्षेपुरती असते, हे वरिष्ठांचं म्हणणं खरं का?

लॅबने चाचण्या चुकवलेल्या नाहीत. दोन्ही नमुने आपापल्या जागी खरं बोलताहेत. अडचण प्रश्नाच्या मांडणीत आहे. सी आणि फाय हे आपल्याला स्टीलच्या ग्रेडसारखे शिकवले जातात: माल ओळखला की आकडा ठरला. मातीचं तसं नसतं. माती कुठल्या जातीची आहे ही एक गोष्ट, आणि ती आत्ता किती दाट आहे, तिच्यावर किती दाब आहे, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीला मी इथे अवस्था म्हणतो. तुमचे दोन्ही नमुने जातीने एक आहेत, अवस्थेने वेगळे. त्यामुळे खरा प्रश्न असा की ही माती आत्ता कुठल्या अवस्थेत आहे, आणि तुमच्या कामामुळे ती कुठे जाणार आहे.

जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी बाजूला काढू. भराव किती वेगाने चढणार, पाणी निसटायला वाट आहे का, नाला पावसाळ्यापूर्वी अस्तर लावून पूर्ण होणार की दोन पावसाळे उघडा राहणार, त्या थरात पूर्वी कधी घसरण झाली आहे का, हे मला माहीत नाही. खालचे आकडे तुम्ही दिलेल्या लिमिट्सवरून काढले आहेत. ते विचाराची दिशा दाखवतात, डिझाइनची जागा घेत नाहीत.

आता मूळ मुद्दा. माती शिअर होते तेव्हा कण एकमेकांवरून सरकतात. कण सैल बसलेले असतील तर सरकताना पोकळ्यांत पडतात आणि माती आकसते. दाट बसलेले असतील तर सरकायला जागाच नसते, एकमेकांवर चढावं लागतं, आणि माती फुगते. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८५ मध्ये हे मांडलं. अलिबागच्या किंवा गुहागरच्या ओल्या वाळूवर पाय टाकलात तर पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, तिथे हेच चाललेलं असतं. पायाच्या दाबाने वाळू शिअर होते, फुगते, आणि पृष्ठभागावरचं पाणी आत ओढून घेते.

१९३६ मध्ये आर्थर कॅसाग्रांडे यांनी पुढची गोष्ट दाखवली. एकच वाळू सैल भरा किंवा दाट भरा. सारख्याच दाबाखाली पुरेसं शिअर केलं की सैल आकसत आणि दाट फुगत शेवटी एकाच व्हॉइड रेशोला (पोकळ्यांचं घनफळ भागिले कणांचं घनफळ) येतात. केंब्रिजमध्ये रोस्को, स्कोफील्ड आणि रॉथ यांनी १९५८ मध्ये याला पूर्ण चौकट दिली आणि वाळू व चिकणमाती दोन्हींना एकाच चित्रात बसवलं. त्या चित्रातली शेवटची अवस्था म्हणजे क्रिटिकल स्टेट: माती सरकत राहते, पण शिअरचा ताण, इफेक्टिव्ह दाब (पाण्याचा दाब वजा जाता कणांवर येणारा) आणि घनफळ, तिन्ही बदलायचे थांबतात.

या अवस्थेला दोन अटी लागतात, आणि थिअरीचा कणा तेवढाच आहे. पहिली: शिअरचा ताण क्यू हा सरासरी इफेक्टिव्ह दाब पी च्या एम पट असतो. तुम्ही लिहिलं आहे की दोन्ही नमुने शेवटी २५ अंशांच्या आसपास येऊन थांबले. २५ अंशांना एम होतो ०.९८. तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे, आणि रिपोर्टच्या सारांशात तो आलेलाच नाही. दुसरी अट: त्या क्षणीचं स्पेसिफिक व्हॉल्यूम, म्हणजे एक अधिक व्हॉइड रेशो, हे गॅमा वजा लॅम्डा गुणिले पी चा नॅचरल लॉग; गॅमा आणि लॅम्डा हे त्या मातीचे स्थिरांक. बहुतेक जण पहिली अट लक्षात ठेवतात, कारण ती मोर-कूलाँबसारखी, म्हणजे सी-फायच्या नेहमीच्या सूत्रासारखी दिसते. खरं काम दुसरी करते, कारण मातीत किती पाणी आहे यावरून ती किती ताकद देईल हे तिच्यातून कळतं.

लॅम्डा आणि गॅमा तुमच्याकडे नाहीत असं तुम्हाला वाटत असेल. ढोबळपणे आहेत. लिक्विड लिमिटपासून प्लास्टिक लिमिटपर्यंत चिकणमातीची ताकद साधारण शंभर पटीने वाढते, हे या विषयातलं जुनं आणि उपयोगी गृहीतक आहे. तुमचा प्लास्टिसिटी इंडेक्स, म्हणजे दोन लिमिट्समधला फरक, ३४. त्याला कणांच्या विशिष्ट गुरुत्वाने, २.७ ने, गुणलं की स्पेसिफिक व्हॉल्यूममधला फरक ०.९२. शंभरचा नॅचरल लॉग ४.६. भागाकार केला की लॅम्डा ०.२. लिक्विड लिमिटला अनड्रेन्ड ताकद (पाणी निसटू न देता मिळणारी) १.७ किलोपास्कल धरली तर गॅमा ३.२ च्या जवळ येतो. अ‍ॅटरबर्ग लिमिट्स, म्हणजे याच दोन लिमिट्स, ही लॅबमधली सगळ्यात स्वस्त चाचणी, आणि तिच्यातून एवढं निघतं. म्हणून कुठलाही रिपोर्ट हाती आला की मी आधी तेच पान उघडतो.

सात मीटरचा नमुना घ्या. तुम्ही पाण्याचं प्रमाण ६० टक्के दिलं आहे. माती पूर्ण संपृक्त धरली तर स्पेसिफिक व्हॉल्यूम २.६२. एवढ्या व्हॉल्यूमला क्रिटिकल स्टेटचा दाब येतो सुमारे १८ किलोपास्कल, आणि अनड्रेन्ड ताकद सुमारे ९. जागेवर त्या खोलीचा सरासरी इफेक्टिव्ह दाब मात्र तीसच्या आसपास असणार. म्हणजे माती आज क्रिटिकल स्टेटपेक्षा सैल बाजूला आहे. तिला शिअर केलं की ती आकसू पाहते. पाणी निसटलं नाही तर तोच कल पोअर प्रेशर (पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब) वाढवतो, आणि इफेक्टिव्ह दाब तीसवरून अठराकडे घसरतो. फाय कुठेच बदललेला नाही. बदलला तो दाब.

चार मीटर भराव म्हणजे साधारण ७६ किलोपास्कल. ९ किलोपास्कल ही सरासरी ताकद धरून, वरच्या कडक थराची मदत सोडली, तर मऊ थर ५.१४ (मऊ मातीच्या धारणक्षमतेचा नेहमीचा गुणक) गुणिले ९, म्हणजे ४६ च्या आसपास उचलेल. एका दमात चार मीटर टाकलेत तर भराव खचणार, आणि बाजूची जमीन वर येणार. दीड मीटर टाकलात तर २८ ते २९ किलोपास्कल. ते सुरक्षित आहे. मग थांबायचं, पाणी निघू द्यायचं, ताकद मोजायची आणि पुढचा टप्पा चढवायचा.

थांबण्याने नेमकं काय मिळतं, तेही याच समीकरणांतून दिसतं. सात मीटरवर उभा इफेक्टिव्ह दाब आज ४५ च्या आसपास आहे. पूर्ण भरावाखाली कन्सॉलिडेशन (पाणी निघून माती दाटणं) संपल्यावर तो १२० होईल, म्हणजे २.७ पट. ताकदही त्याच प्रमाणात ९ वरून २४ वर जाईल. स्पेसिफिक व्हॉल्यूम ०.२ ने उतरेल, म्हणजे पाण्याचं प्रमाण ६० वरून साडेबावन्नच्या जवळ. त्या खोलीच्या प्रत्येक मीटर थरामागे साधारण साडेसात सेंटिमीटर सेटलमेंट. पाण्यात साडेसात टक्क्यांचा फरक आणि ताकद जवळजवळ तिप्पट! दर एक टक्का पाण्यामागे या मातीची ताकद सुमारे १४ टक्क्यांनी हलते. म्हणूनच बोअरहोलवर नमुना मेण लावून लगेच सील करण्यासाठी मी हट्ट धरतो. नमुना उन्हात तासभर उघडा राहिला तर रिपोर्टमध्ये दुसरीच माती येते.

न्हावाशेवा, उरण, नवी मुंबईच्या पट्ट्यात मऊ सागरी मातीवर उभ्या ड्रेन्स आणि प्रीलोडिंग (आधीच भार टाकून माती दाटवणं) वापरतात, त्यामागचं कारण हेच. ड्रेन स्वतः काही उचलत नाही. पाण्याला मातीतून बाहेर पडायची वाट तो आखूड करतो, म्हणून माती लवकर दाटते. अशा कामात माझी नजर सेटलमेंटच्या पाटीइतकीच पिझोमीटरवर (पोअर प्रेशर मोजणाऱ्या उपकरणावर) असते. भर टाकणं थांबवल्यावरही पोअर प्रेशर चढतच राहिलं, तर माती आतून सरकू लागली आहे आणि आकसण्याचा कल पाण्याच्या दाबात उतरतो आहे, असं मी समजतो. तिथे पुढचा डंपर थांबवायचा, मग प्रोग्रॅममध्ये काहीही लिहिलेलं असो.

आता वरचा नमुना, आणि नाला. सगळ्यात जास्त धोका मला इथे दिसतो, कारण इथे माती दिसायला चांगली आहे.

दीड मीटरवर पाण्याचं प्रमाण ४८ टक्के, स्पेसिफिक व्हॉल्यूम २.३. या व्हॉल्यूमला क्रिटिकल दाब येतो ९० च्या आसपास, आणि जागेवर दाब आहे जेमतेम १५ ते २०. उन्हाने वाळून वाळून हा थर घट्ट झाला आहे. शिअर करताच तो फुगू पाहतो. खोदाई झटपट झाली तर पाणी आत यायला वेळ नसतो, पोअर प्रेशर ऋण होतं आणि माती स्वतःलाच आवळून धरते. अनड्रेन्ड ताकद कागदावर ४५ किलोपास्कल; भेगा धरल्या तरी एप्रिलमध्ये अडीच मीटरची उभी कड छान उभी राहील. एक्स्कॅव्हेटरवाला म्हणेल, साहेब, पक्की जमीन आहे. आणि त्या दिवसापुरतं ते खरंच असेल.

पण ते ऋण दडपण पाणी ओढत असतं. पावसाळा आला की माती पाणी पिते, फुगते, व्हॉल्यूम वाढतं, आणि दर टक्क्यामागे १४ टक्के ताकद जाते. लंडन क्लेमधल्या रेल्वे कटिंग्ज खोदल्यानंतर अनेक वर्षांनी, काही तर दशकांनंतर घसरल्या. स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात ज्या उतारांचा अभ्यास मांडला, त्यांत ही उदाहरणं आहेत. आपल्याकडे चार महिने मुसळधार पाऊस आणि थरात सुकण्याच्या भेगा, तेव्हा तेवढी मुदत मिळेल असं धरू नका.

इथे रिपोर्टमधला सी १८ तपासायला हवा. २०० किलोपास्कल दाबाला लॅबची रेषा ९९ देते आणि २५ अंशांची क्रिटिकल रेषा ९३. फरक नगण्य, कुठलीही वापरा. पण नाल्याच्या उतारात घसरणीच्या पृष्ठावर दाब असतो पंधराच्या आसपास. तिथे लॅबची रेषा २४ देते आणि क्रिटिकल रेषा ७. ही जादाची ताकद जवळजवळ सगळी फुगण्यातून आलेली आहे. कण एकमेकांवर चढताना जो अडथळा होतो तो डोनाल्ड टेलर यांनी १९४८ मध्ये हिशोबात मांडला होता, आणि स्कोफील्ड पुढे आयुष्यभर हेच सांगत राहिले की शिखरांमधून रेषा ओढून मिळालेला सी म्हणजे चिकटपणा नव्हे. माती फुगून सैल झाली की तो सी उरत नाही. कमी दाब, पाणी आणि वेळ, तिन्ही एकत्र असलेल्या जागी त्याच्यावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. आणि नाल्यात ही तिन्ही असतात.

म्हणून नाल्याच्या कायमच्या उतारासाठी सी शून्य, फाय २५, आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी. कोरड्या उतारासाठी याची मर्यादा साधारण १:२ येते. पाणी उताराला समांतर पूर्ण झिरपत असेल तर मर्यादा १:५ पर्यंत सपाट होते, तीही सुरक्षा गुणक न धरता. एवढ्या फरकावरून दिसतं की पैसे कुठे घालायचे: पिचिंगच्या (उतारावरच्या दगडी अस्तराच्या) मागे नीट फिल्टर, वीप होल्स (पाणी निघायची भोकं), आणि उताराच्या माथ्यावरचं पाणी वळवणारी चर.

शिखर आणि क्रिटिकल यांखेरीज तिसरी एक ताकद असते, रेसिड्युअल. चपट्या कणांच्या चिकणमातीत एकाच पृष्ठावर भरपूर सरकण झाली की कण एका दिशेला आडवे पडतात आणि कोन क्रिटिकलपेक्षाही बराच खाली येतो. क्रिटिकल स्टेट थिअरी याबद्दल काही सांगत नाही. जागेवर जुनी घसरण असेल, खड्डा खणताना चकचकीत गुळगुळीत पृष्ठ दिसलं, तर २५ अंशही विसरा आणि ही रेसिड्युअल ताकद मोजणारी रिंग शिअर चाचणी करून घ्या.

थिअरी परीक्षेपुरती आहे का, याचं उत्तर सैल वाळू आणि खाणीच्या गाळाच्या बाबतीत सगळ्यात गंभीर आहे. २५ जानेवारी २०१९ ला ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथलं लोहखाणीच्या गाळाचं धरण काही सेकंदांत वाहून गेलं आणि २७० माणसं गेली. त्यात नवा गाळ टाकणं २०१६ मध्येच थांबलेलं होतं. भूकंप नाही, नवा भार नाही. तज्ज्ञ समितीने कारण दिलं ते स्टॅटिक लिक्विफॅक्शन, म्हणजे हादरा नसताना मातीचं द्रवासारखं वाहणं: सैल, संपृक्त गाळ, त्यात सावकाश चालू असलेली सरकण आणि जोरदार पावसामुळे वरच्या भागातलं सक्शन (ऋण पोअर प्रेशर) कमी होणं. अशा गाळाचा फाय उत्तम असतो, तीसच्या वर सहज. नुसता फाय बघणाऱ्याला तो भक्कम वाटेल. अवस्था बघणाऱ्याला दिसेल की तो क्रिटिकल रेषेच्या बराच सैल बाजूला आहे, आणि एकदा आकसायला लागला की पाण्याच्या दाबाने इफेक्टिव्ह दाबच नाहीसा होणार. बीन आणि जेफरीज यांनी १९८५ मध्ये यासाठी स्टेट पॅरामीटर दिला: आत्ताचा व्हॉइड रेशो वजा त्याच दाबाचा क्रिटिकल व्हॉइड रेशो. उणे ०.०५ किंवा त्याहून खाली असेल तर माती शिअरमध्ये फुगण्याच्या बाजूला राहते आणि मोठी पडझड सहसा होत नाही. शून्याकडे किंवा वर असेल तर माझ्या मते त्या जागेवर माणसं ठेवण्याआधी थांबून विचार करायलाच हवा.

या थिअरीच्या मर्यादाही स्पष्ट हव्यात. मॉडिफाइड कॅम क्ले, म्हणजे या थिअरीवरचं सॉफ्टवेअरमधलं नेहमीचं मॉडेल, सैल बाजूच्या मऊ मातीला चांगलं लागू पडतं. दाट बाजूला ते शिखराची ताकद वाढवून दाखवतं, तेव्हा तुमच्या वरच्या थरासाठी सॉफ्टवेअरमध्ये ते निवडू नका. कणांची नाजूक नैसर्गिक रचना असलेली माती, उदाहरणार्थ नॉर्वेची ढवळल्यावर कोसळणारी क्विक क्ले, या साध्या चित्रात बसत नाही. अर्धवट संपृक्त काळ्या कापसाच्या मातीला सक्शनचा वेगळा हिशोब लागतो. आणि दाट नमुना एका पट्ट्यात तुटतो: फुगणं त्या पट्ट्यात होतं, आपण मोजतो संपूर्ण नमुन्याचं घनफळ. त्यामुळे वरच्या नमुन्याचा मोजलेला शेवटचा व्हॉइड रेशो क्रिटिकल रेषेवर बसला नाही तर थिअरी खोटी ठरत नाही.

लॅबला उद्याच फोन करून काही गोष्टी मागवा. त्यांच्याकडे बहुतेक असतीलच. प्रत्येक चाचणीत घनफळातला बदल स्ट्रेनसोबत कसा गेला त्याचा आलेख. शेवटच्या स्ट्रेनला क्यू आणि पी, शिखराला नव्हे. चाचणी संपल्यावर नमुन्याच्या तुटलेल्या पट्ट्यातलं पाण्याचं प्रमाण वेगळं आणि बाकी नमुन्याचं वेगळं. वरच्या नमुन्यात पट्ट्यातलं पाणी जास्त निघालं तर फुगण्याचा पुरावा हातात येतो. मग अर्ध-लॉग कागदावर सगळे शेवटचे बिंदू टाका, लिमिट्सवरून काढलेली ०.२ उताराची रेषा ओढा, आणि जागेवरचे दोन्ही थर त्या रेषेच्या कुठल्या बाजूला पडतात ते बघा. मऊ थरात दर मीटरला व्हेन शिअर (जागेवरच पाती फिरवून अनड्रेन्ड ताकद मोजायची चाचणी) घ्या आणि ९ चा आकडा त्याच्याशी ताडून पाहा. फार वेगळा आला तर व्हेनवर विश्वास ठेवा, मी दिलेल्या अंदाजावर नाही. भरावाचं डिझाइन टप्प्यांच्या अनड्रेन्ड ताकदीवर करा, नाल्याचं ड्रेन्ड क्रिटिकल ताकदीवर. नाला भरावाच्या पायथ्यापासून किती अंतरावर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तो जवळ असेल तर दोन्ही कामं वेगवेगळी तपासून चालणार नाही: भरावाखाली वाढलेलं पोअर प्रेशर नाल्याच्या तळाकडे सुटेल, म्हणून भरावाचा पहिला टप्पा बसल्याशिवाय नाला उघडू नका. अंतर आणि पाण्याची पातळी कळवलीत तर एकत्र घसरपृष्ठ कसं तपासायचं ते पुढे लिहीन.